वाचक विचारतात : झाडावर बसायचंय, बाण कशावर टेकवू?

प्रश्न : काका, मिशिगनला येऊन चार वर्षं झाली. शेजाऱ्याच्या नादाने यंदा कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) घेतलं, शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्सही केला. १ ऑक्टोबरला हरणांचा धनुष्याचा हंगाम सुरू होईल. दुकानदाराने ॲरो रेस्टचे, म्हणजे बाण टेकवायच्या आधाराचे, दोन-तीन प्रकार पुढ्यात ठेवले आणि मी गोंधळलो. साताऱ्याला माझी पुतणी कंपाउंड खेळते. तिच्या धनुष्यावर पोलादाची पातळ पट्टी आहे. ती म्हणते, काका, हीच घ्या, हिच्याइतकं अचूक दुसरं काही नाही. घेऊ का?
— एक वाचक, लॅन्सिंग

उत्तर : पुतणीचं ऐकू नका. तिच्यापुरतं तिचं बरोबरच आहे. साताऱ्याच्या पोरांना धनुष्यातलं मी काय शिकवणार? आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जागतिक विजेती झाली, तेव्हा सतरा वर्षांची होती. पण पुतणी सपाट मैदानात रेषेवर उभी राहते, बाण लावते, खेचते, सोडते. तिच्या पट्टीवर बाण नुसता टेकलेला असतो. तिला तेवढं पुरतं.

तुम्ही झाडावर वीस फूट उंचीवर, हातमोजे घालून, बाण लावलेलं धनुष्य मांडीवर घेऊन तीन-तीन तास बसणार. हरीण येणार ते नेमकं पाठीमागून. तुम्ही बसल्या जागी वळणार, धनुष्य कलणार, आणि बाण पट्टीवरून घरंगळणार. माझ्या पहिल्या हंगामात अस्संच झालं. माझ्याकडे दोन दांड्यांचा जुना रेस्ट होता. नोव्हेंबरची पहाट, थंडीने बोटं बधिर, मादी पंधरा यार्डांवर. धनुष्य जरा तिरकं झालं आणि बाण रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागावर, आपटला. टिंग! एवढासा आवाज, पण तिने मान वर केली आणि पांढरी शेपटी उभारून गेली. त्या दिवसापासून रेस्ट बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो : धनुष्य उलटं केलं तर बाण जागेवर राहतो का?

त्या परीक्षेत व्हिस्कर बिस्किट पहिल्या नंबराने पास होतं. गोल कडं, आत चहूबाजूंनी ब्रशासारखे केस, मधल्या भोकात बाण. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. तोटे आहेत. बाण केसांतून घासून जातो, वेग किंचित कमी होतो, पिसं लवकर झिजतात. खरी पिसं लावलेले बाण यात वापरूच नका, आखूड, कडक प्लास्टिकची पिसं लावा आणि एक पीस वरच्या बाजूला ठेवा. ओला बर्फ पडला की केसांत गोठतो, म्हणून अधूनमधून बाण हळूच पुढेमागे करून बघावा. पण वीस यार्डांवरच्या हरणासाठी त्या थोड्या वेगाने काही अडत नाही.

दुसरा प्रकार ड्रॉप-अवे. बाण सुटला की याचा बाण पेलणारा दुबेळका काटा खाली पडतो, पिसांना काही लागत नाही. टोकाला स्थिर पात्यांचं ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार टोक) असेल तर हा फरक जाणवतो. यातही बाणाला चारी बाजूंनी अडवणाराच घ्या. काटा कशाने हलतो तेही विचारा. केबलवर चालणाऱ्यात एक बारीक दोरी खाली जाणाऱ्या केबलला बांधलेली असते, धनुष्य खेचलं की ती काटा उभा करते. लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, चालणाऱ्यात उलटं : काट्याला स्प्रिंगमुळे वरच राहायचं असतं, लिंबला बांधलेली दोरी त्याला खाली दाबून धरते आणि खेचल्यावर सैल सोडते. मला हा दुसरा आवडतो, कारण तो बो-प्रेसशिवाय (धनुष्य दाबून दोरी सैल करायच्या यंत्राशिवाय) घरच्या टेबलावर बसवता येतो. केबलवाल्याची दोरी केबलला धरणारी चिमटी सरकली की काटा वरखाली होण्याचं सगळं वेळापत्रक बिघडतं. चिमटी जिथे बसते तिथे केबलवर पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं बिस्किट. नंतर हात बसला की लिंबवरचा ड्रॉप-अवे. स्वस्तातला ड्रॉप-अवे मात्र नको, त्यापेक्षा बिस्किट शंभर पटीने बरं.

बसवताना बाण रायझरवरच्या बोल्टच्या भोकासमोर आणि दोरीशी काटकोनात यायला हवा. रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच ही सुरुवात, मग सहा फुटांवर कागद ताणून त्यातून बाण मारा आणि फाटलेलं भोक बघत थोडं थोडं सरकवा. ड्रॉप-अवे असेल तर रेस्टवर पायाला लावायच्या पावडरीचा फवारा मारून एक बाण सोडा. पावडरीत ओरखडा दिसला तर पीस घासतंय. धातूचा भाग उघडा असेल तिथे फेल्ट (मऊ नमदा) चिकटवा, नाहीतर कार्बनचा बाण थंडीत किरकिरतो. हे सगळं ऑगस्टमध्येच उरका.

आणि तुम्ही डावखुरे आहात की उजवे, ते लिहिलेलं नाही. डावखुरे असाल तर पैसे देण्याआधी दुकानात सांगा. बरेच रेस्ट डाव्या-उजव्या हाताचे वेगवेगळे येतात.