स्पाईक गार्ड असूनही राउटर का जळाला?

प्रश्न : आम्ही सोलापुरात एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि मुलाचा संगणक एकाच स्वस्त स्पाईक गार्डवर (विजेच्या झटक्यापासून राखण करणाऱ्या, अनेक सॉकेटांच्या बोर्डावर) जोडलेले आहेत. मे महिन्यात वळवाच्या पावसात विजा कडाडल्या आणि राउटर जळाला. बोर्डावरचा लाल दिवा मात्र अजूनही लागतो. हाच बोर्ड वापरावा की महागडा घ्यावा? त्यावर फ्रीज जोडला तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लाल दिव्यावरून बोर्डापर्यंत वीज येते आहे एवढेच कळते. अनेक स्वस्त बोर्डांत संरक्षणाचा भागच नसतो. चांगल्या बोर्डात मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर नावाचा छोटा, चपटा भाग असतो. २३० व्होल्टच्या नेहमीच्या दाबाला तो स्वस्थ राहतो आणि दाब क्षणभर कित्येक शे व्होल्टांनी उसळला की ती ऊर्जा शोषतो किंवा न्यूट्रल व अर्थिंगकडे वळवतो. प्रत्येक झटक्यागणिक तो झिजतो आणि एक दिवस निकामी होतो, तरी बोर्ड पूर्वीसारखाच चालत राहतो. म्हणून संरक्षण शाबूत आहे की नाही हे दाखवणारा वेगळा दिवा, वेष्टनावर ज्यूलचा आकडा (बोर्ड किती ऊर्जा शोषू शकतो याचे माप) आणि आयएसआय चिन्ह असलेला बोर्ड घ्यावा.

परंतु माझे स्पष्ट मत असे, की आपण पहिला खर्च अर्थिंगवर करावा. जुन्या वाड्यांत सॉकेट तीन पिनांचे दिसते, पण पुष्कळदा तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. मग महागड्या बोर्डालाही ऊर्जा जमिनीत सोडायला वाट उरत नाही. तार असली तरी उन्हाळ्यात आपल्याकडची मुरुमाची जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, त्यामुळे परवानाधारक वायरमनकडून ते मोजून घ्यावे, अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे आणि शक्य असल्यास मुख्य स्विचबोर्डातच सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (झटका घरात शिरतानाच अर्थिंगकडे वळवणारे उपकरण) बसवून घ्यावे.

राउटरच्या बाबतीत आणखी एक वाट तपासावी. इंटरनेटची तांब्याची केबल गच्चीवरून येत असेल, तर झटका तिच्यातूनही आत शिरू शकतो, आणि त्या वाटेवर आपल्या स्पाईक गार्डची काहीच राखण नसते. ऑप्टिकल फायबरच्या काचेच्या तंतूतून असा झटका येत नाही. जवळपास कोसळणाऱ्या विजेपुढे घरगुती बोर्ड, मग तो कितीही किमतीचा असो, टिकेल याची खात्री नाही. आभाळ भरून येताच, विजा सुरू होण्याआधी, प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवणे हाच खरा उपाय आहे. नुसते बटण बंद करणे पुरत नाही.

आपली सध्याची चार उपकरणे मिळून भार साधारणपणे बेताचाच असतो. मात्र ६ अँपिअरच्या बोर्डाची मर्यादा सुमारे १३८० वॅट आहे, आणि स्वस्त बोर्डांतील बारीक तार त्याआधीच तापू शकते. इस्त्री, किटली किंवा गिझर त्यावर कधीही लावू नये, एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नये आणि प्लग हाताला गरम लागला तर तो बोर्ड तत्काळ बाद करावा.

फ्रीज त्यावर जोडू नये. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, आणि कमी दाबाचा त्रास स्पाईक गार्ड दूर करू शकत नाही. दाब सतत खालीवर होत असेल, तर भिंतीवरील स्वतंत्र सॉकेटवर, वीज परत आल्यावर काही मिनिटे थांबून पुरवठा देणारा स्टॅबिलायझर लावून फ्रीज चालवावा.