चार अक्षरे, पहिले 'सु'

प्रश्न: रोज सकाळी वर्तमानपत्र हाती आले की मी आधी पानाच्या कोपऱ्यातील सुविचार वाचतो आणि मग शब्दकोडे सोडवायला घेतो. गेल्या आठवड्यात कोड्यात 'सुविचार (४)' असे आडव्या शब्दाचे शोधसूत्र होते. 'सुतार' या उभ्या शब्दामुळे पहिले अक्षर 'सु' आधीच मिळाले होते, म्हणून मी 'सुवचन' लिहिले. शेवटच्या घरातून खाली जाणाऱ्या 'पुत्र (३)' या शोधसूत्राला मग 'नंदन' हा शब्दही बसला. दुसऱ्या दिवशी उत्तरे छापून आली ती मात्र 'सुभाषित' आणि 'तनय'. माझे उत्तर चूक समजायचे का? आणि सुविचार, सुवचन, सुभाषित या तीन शब्दांत नेमका फरक कोणता?

उत्तर: अर्थाच्या बाजूने पाहिले तर आपले उत्तर छापील उत्तराइतकेच बरोबर आहे, किंबहुना काकणभर सरसच ठरेल. चौकटीच्या बाजूने पाहिले तर ते चूक आहे आणि ती चूक 'सुवचन' या शब्दात नसून त्याच्या शेपटाला जोडलेल्या 'नंदन'मध्ये आहे. आधी अर्थाचे पाहू, कारण तेथे सांगण्यासारखे अधिक आहे.

'सुभाषित' हे मुळात विशेषण. 'भाष्' म्हणजे बोलणे. त्या धातूला 'क्त' प्रत्यय लागून 'भाषित', म्हणजे 'बोललेले', असे रूप होते. त्याच्यामागे 'सु' आला की अर्थ होतो 'चांगले बोललेले', आणि नपुंसकलिंगी नाम म्हणून वापरले की 'चांगले बोललेले असे जे काही ते'. या व्युत्पत्तीत श्लोक नाही, वृत्त नाही, उपदेशही नाही. राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या आणि भाब्रू लेख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशोकाच्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, हा शब्द याच मोकळ्या अर्थाने आलेला दिसतो. भगवान बुद्धांनी जे जे सांगितले ते सर्व 'सुभासिते' आहे, असे राजा तेथे भिक्षुसंघाला उद्देशून म्हणतो. जे बोलले गेले ते उत्तम बोलले गेले, एवढाच त्या शब्दाचा भार आहे.

गंमत अशी की 'वच्' या दुसऱ्या, 'बोलणे' याच अर्थाच्या धातूपासून याच साच्याने शब्द घडवला तर 'सु' आणि 'उक्त' मिळून 'सूक्त' होतो. पुरुषसूक्त, श्रीसूक्त यांतील 'सूक्त' आणि 'सुभाषित' यांचा शब्दशः अर्थ एकच आहे. 'वचन' हाही 'वच्'चाच मुलगा, म्हणजे आपले 'सुवचन' हे 'सूक्ता'चे सख्खे भावंड आणि 'सुभाषिता'चे चुलत भावंड. तिघांचा अर्थ एक, पण संसार वेगवेगळ्या घरांत थाटलेले. सूक्त वेदांकडे गेले, सुभाषित काव्यसंग्रहांकडे गेले आणि सुवचन मराठीत प्रामुख्याने अनेकवचनात, 'संतांची सुवचने' अशा शब्दप्रयोगांत स्थिरावले. एकवचनात ते थोडे अवघडते. मराठीत 'वचन देणे' म्हणजे शब्द देणे, हमी घेणे, आणि त्यामुळे 'त्याने मला एक सुवचन दिले' असे कोणी म्हटले तर ऐकणारा क्षणभर थबकेल.

सुभाषिताचा अर्थ पुढे आकसला. सुटे, स्वयंपूर्ण, कोणत्याही मोठ्या ग्रंथाचा आधार न घेता उभे राहणारे संस्कृत श्लोक निवडून त्यांचे संग्रह करण्याची परंपरा शतकानुशतके चालली आणि अशा संग्रहांच्या नावात 'सुभाषित' हा शब्द इतका रुळला की सुभाषित म्हणजे सुटा संस्कृत श्लोक, असे समीकरण होऊन बसले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेले, काशीनाथ पांडुरंग परब यांनी संकलित केलेले 'सुभाषितरत्नभांडागार' ज्यांनी चाळले असेल त्यांना ठाऊक असेल की त्यातील हजारो श्लोकांत केवळ नीती नाही. त्यात ऋतुवर्णने आहेत, शृंगार आहे, कंजुषाची थट्टा आहे आणि प्रहेलिका व कूटश्लोक, म्हणजे चक्क कोडीही आहेत. ही कोडी सुभाषिते आहेत, पण त्यांना सुविचार म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. रोज सुविचार वाचून कोडे सोडवणाऱ्या माणसाला तो ग्रंथ एकाच बांधणीत दोन्ही देतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता 'सुविचार'. तिन्ही शब्दांत वेगळा पडतो तो हाच, कारण त्यात बोलणे नाहीच. विचार मनात असतो. तो उच्चारला, लिहिला किंवा छापला जाण्याआधीही विचारच असतो. 'त्याच्या मनात सुविचार आला' हे वाक्य निर्दोष आहे, पण 'त्याच्या मनात सुभाषित आले' असे म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्याला एखादा पाठ असलेला श्लोक आठवला. मौनव्रत घेतलेला माणूस दिवसभर सुविचार करू शकेल, सुभाषित मात्र त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थोपवून धरावे लागेल. संस्कृत कवी भर्तृहरीची 'जीर्णमङ्गे सुभाषितम्' ही सुप्रसिद्ध तक्रार याच फरकावर उभी आहे. जाणकार मत्सराने ग्रासलेले, सत्ताधीश गर्वाने बिघडलेले आणि उरलेले अज्ञानाने गांजलेले असल्यामुळे सुभाषित अंगातल्या अंगातच जिरून गेले, असे तो म्हणतो. जे बोलले जाण्यासाठीच आहे ते बोलले गेले नाही, यात त्या ओळीची सगळी वेदना आहे. तेथे 'सुविचार' घालून पाहिला तर वेदना निघून जाते, कारण विचार अंगात राहिला तर त्यात तक्रार करण्यासारखे काय आहे?

मग शब्दार्थाने मनात राहणारा हा शब्द वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात कसा आला? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे श्रेय शाळेच्या फळ्याला द्यावे लागेल. वर एका कोपऱ्यात वार आणि दिनांक, दुसऱ्या कोपऱ्यात पट आणि हजर विद्यार्थ्यांची संख्या, आणि मधोमध रंगीत खडूने अधोरेखित केलेला 'आजचा सुविचार', हे चित्र महाराष्ट्रात शिकलेल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे उभे राहील. परिपाठात एक विद्यार्थी तो मोठ्याने वाचतो, त्यानंतर दिनविशेष, त्यानंतर बातम्या. या वापरात 'सुविचार' म्हणजे चांगला विचार नव्हे, तर चांगला विचार सांगणारे एक सुटसुटीत वाक्य. ते गद्य असो वा पद्य, मराठी असो वा अनुवादित, संतांचे असो वा गुरुजींनी त्याच सकाळी जुळवलेले, सगळ्याला हे एकच नाव चालते. आज मराठीत या प्रकारचा सर्वसमावेशक शब्द 'सुविचार' हाच आहे आणि त्याला व्युत्पत्तीच्या नावाखाली हरकत घेणे मला तरी पटत नाही. मात्र वाक्याखाली सांगणाऱ्याचे नाव आले की त्याला 'अवतरण' किंवा 'वचन' म्हणणे अधिक नेमके. आणि मोबाइलवर सकाळी येणाऱ्या निम्म्या वाक्यांखालची नावे पाहता, त्यांना 'सुविचार' म्हणून नाव खोडून टाकणे हे बहुधा त्या थोर पुरुषांवर उपकारच ठरतील.

यावरून आपल्या कोड्यापुरता निष्कर्ष असा की 'सुविचार' हा मोठा वर्ग आणि बोधपर 'सुभाषित' व 'सुवचन' हे त्याच्या पोटातील दोन प्रकार. मोठ्या वर्गाचे नाव शोधसूत्रात देऊन पोटातील एकाच प्रकाराची अपेक्षा ठेवणे हे कोडेकाराचे ढिसाळपण आहे. 'फूल (३)' असे देऊन 'गुलाब'च हवा असे म्हणण्यासारखे ते आहे, कारण 'कमळ'ही तीनच अक्षरांचे असते. 'बोधपर संस्कृत श्लोक (४)' असे शोधसूत्र असते तर आपण 'सुवचना'कडे वळला नसता.

आता चौकटीकडे येऊ. मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसते, आणि अक्षर म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांसह पूर्ण झालेले अक्षर. जोडाक्षरही एकाच घरात मावते. म्हणून 'सुभाषित' चार घरांत बसते आणि 'पुरुषार्थ'ही चारच घरांत. आडवा आणि उभा शब्द ज्या घरात एकमेकांना छेदतात तेथील अक्षर दोन्ही शब्दांना जसेच्या तसे लागू पडले पाहिजे. आपल्या 'सुवचन'चे शेवटचे अक्षर 'न' आहे आणि 'नंदन'चे पहिले अक्षर 'नं'. डोक्यावरच्या त्या एका टिंबाने आपल्याला सावध करायला हवे होते. ते टिंब आपण दिले की नाही हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही, पण घरात पेन्सिलीने काय लिहिले असेल याचा अंदाज येतो, कारण मीही अशा प्रसंगी टिंब इतके फिकट दिले आहे की आडवे वाचताना दिसू नये आणि उभे वाचताना दिसावे. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाची आणि अनुस्वाराची सूट घेतात, हे खरे. पण ती सूट घेणाऱ्या कोड्यात छापील उत्तर तरी तसे असते. येथे 'तनय'चा 'त' आणि 'सुभाषित'चा 'त' तंतोतंत जुळत असताना आपल्याला सूट मागता येणार नाही.

'शब्दकोडे' या मराठी नावात छेदाचा उल्लेखच नाही, त्यामुळे आपण अर्थाच्या मागे लागतो आणि छेद विसरतो, असेही मला कधी कधी वाटते. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात पहिले कोडे छापले तेव्हा त्याचे नाव 'वर्ड-क्रॉस' होते. काही आठवड्यांतच छपाईच्या जुळणीत शब्दांची उलटापालट होऊन ते 'क्रॉस-वर्ड' झाले. नाव उलटले तरी त्यातील 'क्रॉस', म्हणजे छेद, टिकला.

तिसऱ्या घराबद्दल एक पुरवणी, कारण तेथे पुष्कळ जण घसरतात. 'सुभाषित'मधील 'षि' ऱ्हस्व आहे. 'वकील', 'गरीब' या शब्दांच्या सवयीने 'सुभाषीत' असे लिहिलेले अनेकदा दिसते, पण शेवटून दुसरे अक्षर दीर्घ करण्याचा नियम तत्सम शब्दांना लागू होत नाही. ते मुळाप्रमाणेच लिहायचे, जसे गणित, लिखित. शिवाय या 'षि'मधून उभा शब्द काढायचा झाला तर 'ऋषी' चालणार नाही, कारण १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार मराठीत तो दीर्घान्त आहे. 'ऋषिमुनी' मात्र चालेल, कारण समासाच्या पूर्वपदी तोच शब्द ऱ्हस्व राहतो.

शेवटी एक व्यवहारोपयोगी खूण. 'सुविचार' या शब्दाचीही अक्षरे चारच आणि पहिले 'सु'च, त्यामुळे पुढे कधीतरी हे तिन्ही शब्द एकाच चौकटीवर हक्क सांगत समोर उभे राहतील. अशा वेळी शोधसूत्रातील विशेषणाचे लिंग पाहावे. 'फळ्यावर रोज बदलणारा' असे असेल तर उत्तर पुल्लिंगी, म्हणजे 'सुविचार'. 'रोज बदलणारे' असे असेल तर उत्तर नपुंसकलिंगी, आणि मग 'सुभाषित' की 'सुवचन' हे खालचा शब्द 'त'ने सुरू होतो की 'न'ने, यावर ठरेल.