आधी मार्कशीटवरचं नाव बघ

तू विचारलंस, एम.ए. समाजशास्त्र झालंय, कॉलेज रोडला पायथनचा क्लास लावलाय, ताई, जर्मनीत डेटाच्या कामात शिरता येईल का, आणि बायको-मुलाला घेऊनच यावं का. दोन ओळी लिहिणार होते. तीन रात्री झाल्या.

एपीएस (पदवीची कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा हे सगळं वेबसाइटवर आहे, तिथे वाच. मार्कशीटवर तुझं नाव आडनावापासून सुरू होत असेल, पासपोर्टवर वेगळं असेल. माझं तर लग्नानंतरचं तिसरंही होतं. 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र नाशिकला कोर्टाबाहेर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून आणलं. इथल्या खिडकीवरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, यातलं तुमचं कुठलं? पुढे कितीतरी महिने दवाखान्यात मला वडिलांच्या नावाआधी 'फ्राऊ', म्हणजे श्रीमती, लावून हाक मारायचे, आणि मी उठायचे. तेव्हा निघण्याआधी हे निस्तर.

आता काम. पायथन शीक, डेटासाठीच्या आर आणि एसक्यूएल या भाषाही शीक, पण ते येणारे इथे पैशाला पासरी आहेत. मला पहिली नोकरी मिळाली ती निफाडच्या एका द्राक्षबागेमुळे. एम.ए.च्या फील्डवर्कला गेले होते. शेतकऱ्याच्या बायकोला विचारलं, तुम्ही काम करता का? "छे, मी घरीच असते." अंगठ्याला विरळणीच्या कात्रीनं फोड आलेले. आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात अशी बाई सहज कोड ९२ मध्ये जाते, म्हणजे 'फक्त घरकाम'. मग प्रश्न बदलला: आज उठल्यापासून काय काय केलंत? बागेतले पाच तास बाहेर आले. मुलाखतीत हेच सांगितलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चुकीच्या प्रश्नातून आलेला डेटा पुढे कितीही मोठ्या मॉडेलमध्ये घाल.

नमुना कसा निवडायचा, उत्तर न देणारे कोण, त्यांची उणीव भरायला कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं, हे आपलं भांडवल. मी बाम्बेर्गला सर्व्हे स्टॅटिस्टिक्स केलं; मानहाइमही बघ. 'समाजशास्त्रज्ञ' अशी पाटी शोधू नकोस. सर्वेक्षण संस्था, सांख्यिकी कार्यालयं, मार्केट रिसर्च, ॲप कंपन्यांचं युजर रिसर्च, अल्गोरिदम कुणावर अन्याय करतो हे तपासणाऱ्या टीम, अशा ठिकाणी आपण वेगवेगळ्या नावांनी सापडतो. आणि जर्मन भाषा हवीच. प्रश्नावली इंग्रजीत नसते.

मुलाचं विचारलंस, म्हणून हे. बायर्नमध्ये, म्हणजे आमच्या बव्हेरिया राज्यात, चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे १ ही सर्वांत चांगली श्रेणी. माझ्या मुलीला ३, २, ३ मिळाले, म्हणजे २.६६. एका विषयात एक पायरी कमी पडली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरी जर्मन बोलत जा. मे महिन्यात तीन दिवसांची चाचणी देऊन पुन्हा प्रयत्न करता आला असता. त्याच आठवड्यात माझ्या रिपोर्टची डेडलाइन होती आणि मी नाव घातलं नाही. रिपोर्ट कशावर होता सांगू? आईबापांचं शिक्षण आणि मुलांची शाळा. २०००च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीपासून इथे सगळ्यांना पाठ असलेला विषय. त्या टेबलात 'स्थलांतराची पार्श्वभूमी' असा रकाना असतो. मी तो वर्षानुवर्षं भरत होते. मुलगी आता आठवीत आहे, रेआलशूल या मधल्या वाटेच्या शाळेत, मजेत आहे म्हणते. मी अजून त्या मे महिन्यात अडकलेय.

एकटेपणा? असतो. सायकल घे.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या प्रश्नावलीची चाचणी मुलीवरच घेतली. 'घरी मुख्यतः कोणती भाषा बोलता?' तिनं मराठी आणि जर्मन दोन्हींवर टिक केली. पुढचं पान उघडेना. लाल अक्षरांत आलं: एकच पर्याय निवडा. तो प्रश्न मीच लिहिलेला. ऑफिसात बदलायला सांगितलंय, अजून बदललेला नाही.

एसओपी, म्हणजे का शिकायचंय ते सांगणारं अर्जातलं पत्र, पाठव, रविवारी वाचते. मुलगा कितवीत आहे तेही कळव.