दुर्बीण नसताना टेसच्या डेटावरून रूपविकारी तारे आणि बाह्यग्रह अभ्यासता येतात का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: नागपुरात बीएस्सी करताय, दुर्बीण नाही, जूनपासून आकाश ढगांनी भरलेलं, थोडंफार पायथन येतं. टेससारख्या, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह (बाह्यग्रह) शोधणाऱ्या नासाच्या अवकाश दुर्बिणींच्या मोजमापांवरून घरबसल्या खरा अभ्यास होईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

होईल. 8 जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, तोही नसेल तर गुगल कोलॅब आहे. नागपूरकरांसाठी तर हा मार्ग सोयीचाच. केप्लर दुर्बिणीने 2009 ते 2013 या काळात हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांतला जो तुकडा सतत पाहिला, तो आपल्याकडे उत्तरेला 67 अंशांपर्यंत चढतो. पण रात्री नऊच्या सुमारास तो माथ्याजवळ असतो तान्ह्या पोळ्याच्या दिवसांत, म्हणजे ऐन ढगांत.

डेटा मास्ट नावाच्या संग्रहात आहे, फुकट आणि बिना लॉगिनचा. पायथनमध्ये लाइटकर्व्ह हे पॅकेज टाका, ताऱ्याचं नाव देऊन शोधा, आणि निकालांतून 120 सेकंदांची, स्पॉकने (टेसचा डेटा प्रक्रिया करणाऱ्या नासाच्या केंद्राने) तयार केलेली फाइल उतरवा. टेस आकाशाचा एक पट्टा, म्हणजे एक सेक्टर, साधारण 27 दिवस पाहते. एका सेक्टरच्या फाइलमध्ये अठरा-एकोणीस हजार बिंदू येतात, आकार जेमतेम दोन-तीन एमबी.

ग्रहांच्या मागे लगेच लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे, तारे घ्या. आरआर लायरीसारखा तारा 13 तास 36 मिनिटांत जवळपास दुप्पट उजळून पुन्हा मंदावतो, तो आलेखात डोळ्यांनीच दिसतो. याउलट गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश 1 टक्का घटतो आणि पृथ्वीएवढा गेला तर 0.0084 टक्के. मोठ्या बदलांवर हात बसला की मग त्या एका टक्क्यातलं खरंखोटं कळायला लागतं.

फाइलमध्ये दोन प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचे आलेख) असतात. सॅप म्हणजे पिक्सेलांची नुसती बेरीज. पीडीसीसॅप म्हणजे यानाच्या हालचालीचे आणि तापमानाचे परिणाम काढून टाकलेला वक्र. ग्रहांसाठी दुसरा घ्या. मात्र दहा-पंधरा दिवसांत सावकाश बदलणारा तारा असेल तर ही दुरुस्ती त्याचा खरा बदलही यानाचा दोष समजून पुसून टाकते. तिथे सॅप उघडून दोन्ही वक्र एकावर एक काढून बघा. मीरासारखे 332 दिवसांचे तारे तर टेसच्या एका सेक्टरात मावतच नाहीत, ते सोडून द्या.

नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते डीफॉल्ट आकड्यांमुळे. लाइटकर्व्हमधली फ्लॅटन ही क्रिया वक्रातला सावकाश चढउतार सपाट करते. तिची खिडकी मुळात 101 बिंदूंची असते. 2 मिनिटांच्या डेटात ती भरते 3 तास 22 मिनिटं, आणि बहुतेक अधिक्रमणं (ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं) दोन ते चार तासांची! म्हणजे तुम्ही शोधत असलेला खड्डाच ती गुळगुळीत करून टाकते, आणि वर आलेख किती स्वच्छ आला म्हणून आपण खूश. खिडकी अधिक्रमणाच्या किमान तिप्पट ठेवा, शक्यतो पाच-सहापट, आणि बिंदूंची संख्या विषम हवी. आवर्तकाल सापडला की अधिक्रमणाचे बिंदू झाकून पुन्हा एकदा सपाट करा. रिमूव्ह आउटलायर्सचंही तसंच. ती वरचे आणि खालचे दोन्ही बिंदू 5 सिग्माला (बिंदूंच्या नेहमीच्या विखुरण्याच्या पाचपट अंतरावर) कापते, त्यात खोल अधिक्रमणाचा तळ उडतो. वरची मर्यादा 4 ठेवा, खालची 20. आणि रूपविकारी ताऱ्याला फ्लॅटन अजिबात लावू नका. ग्रहाच्या कामात जो कचरा, तोच इथे अभ्यासाचा विषय.

रूपविकारी ताऱ्याचा आवर्तकाल लोम्ब-स्कार्गल पद्धतीने काढतात; कुठला आवर्तकाल किती जुळतो ते ती शिखरांच्या आलेखात दाखवते. पिधानकारी जोडतारा (आळीपाळीने एकमेकांना झाकणारे दोन तारे) असेल तर सगळ्यात उंच शिखर बहुधा खऱ्या आवर्तकालाच्या निम्म्यावर येतं, कारण एका फेरीत दोन ग्रहणं होतात. कालावधी दुप्पट करून वक्र घडी घालून, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून, बघा. दोन खड्डे कमीजास्त खोल निघाले तर दुप्पटच बरोबर. डेल्टा स्कुटी या भराभर स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकारात एकाच ताऱ्यात अनेक कंपनं एकत्र चालतात. एक वारंवारता काढायची, वजा करायची, उरलेल्यातून पुढची काढायची. 27 दिवसांच्या डेटात दिवसाला 0.037 फेऱ्यांहून जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी लागोपाठचे सेक्टर जोडा. शिवाय ही कंपनं तासाभराच्या आतलीही असतात, म्हणून टेसच्या पहिल्या दोन वर्षांतली 30 मिनिटांची चित्रं इथे वापरू नका. त्यात तासापेक्षा छोटा आवर्तकाल भलत्याच ठिकाणी उमटतो. शिखर आजूबाजूच्या गोंगाटाच्या पाचपट नसेल तर मोजू नका, नाहीतर वजाबाकी करत करत पन्नास खोट्या वारंवारतांची यादी सहज तयार होते.

आता ग्रह. पहिला सराव वास्प-18 या ग्रह असलेल्या ताऱ्यावर करा: आवर्तकाल 0.94 दिवस, खोली साधारण 1 टक्का, अधिक्रमण सव्वादोन तासांच्या आसपास, एका सेक्टरात पंचवीसेक अधिक्रमणं. खिडकी 401 ठेवा. मग बीएलएस ही पद्धत लावा, ती चौकोनी खड्डे शोधते. आवर्तकालाची मर्यादा 0.5 ते 13 दिवस, कारण एका सेक्टरात किमान दोन अधिक्रमणं दिसायला हवीत. खोलीचं वर्गमूळ म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर. 0.0095 चं वर्गमूळ 0.097. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सव्वापट धरली तर ग्रह गुरूच्या सुमारे 1.2 पट येतो. एवढं जुळलं की पद्धत बरोबर बसली असं समजा.

नंतर खऱ्या शोधात खड्डा सापडला की तो ग्रह नाही असं गृहीत धरूनच चाला. टेसचा एक पिक्सेल 21 कोनीय सेकंदांचा, केप्लरचा जेमतेम 4. टेसच्या एकाच पिक्सेलात शेजारचे पाच-सात तारे सहज येतात. समजा तुमच्या चौकटीतला (बेरीज केलेल्या पिक्सेलांतला) 2 टक्के प्रकाश एका मंद शेजाऱ्याचा आहे आणि तो पिधानकारी जोडतारा निम्म्याने मंदावला. एकूण घट बरोबर 1 टक्का, हुबेहूब गुरू! म्हणून सम आणि विषम क्रमांकाची अधिक्रमणं वेगळी घडी घालून खोली ताडून बघा. दोन अधिक्रमणांच्या मध्यावर, म्हणजे 0.5 कलेला, दुसरा खड्डा आहे का ते पाहा. मात्र वास्प-18 च्या ग्रहासारख्या फार तापलेल्या ग्रहालाही तिथे बारीकसा, सुमारे 0.03 टक्क्यांचा खड्डा असतो, तेव्हा खोलीकडे लक्ष ठेवा. टार्गेट पिक्सेल फाइल (ताऱ्याभोवतीच्या पिक्सेलांची मूळ मोजमापं) उतरवून प्रत्येक पिक्सेलचा वक्र स्वतंत्र काढा: खड्डा कडेच्या पिक्सेलात जास्त खोल निघाला तर तो शेजाऱ्याचाच. गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या तारायादीतून दोन कोनीय मिनिटांतले तारे तपासा.

आणखी एक खोटा पाहुणा म्हणजे 13.7 दिवसांचा आवर्तकाल. टेसची पृथ्वीभोवतीची फेरी तेवढीच असते. ठरावीक दिवसांत पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो, त्यामुळे सेक्टरच्या सुरुवातीला, मध्याला किंवा शेवटी वक्र वाकलेला दिसला तर ते टोक कापून टाका. तो भाग वाचवण्यात वेळ घालवू नये.

नवा ग्रह सापडेल का? तेजस्वी ताऱ्यांवरचे सोपे खड्डे संगणकांनी आधीच चाळले आहेत, संशयित ग्रहांची टीओआय यादी उघडून आधी ती बघा. राहिलेत ते 27 दिवसांत एकदाच दिसणारे खड्डे. ते प्लॅनेट हंटर्स टेस या संकेतस्थळावर माणसं डोळ्यांनी शोधतात, तिथे सामील होता येतं. माझ्या मते तुमच्यासाठी जास्त उपयोगाचं काम पिधानकारी ताऱ्यांचं आहे. एखादा तारा घ्या, एएव्हीएसओ या रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या व्हीएसएक्स सूचीत त्याचा जुना आवर्तकाल पाहा, टेसच्या सगळ्या सेक्टरांतून प्रत्येक ग्रहणाची मध्यवेळ काढा आणि अपेक्षित वेळेतून फरक मांडा. फरकाची रेघ वाकलेली निघाली तर आवर्तकाल बदलतोय, किंवा तिसरा तारा ओढतोय. बीएस्सीच्या प्रकल्पाला हे भरपूर झालं.

वेळ मोजताना गडबड होते, म्हणून एवढं लिहून ठेवा. टेसच्या वेळेत 2457000 मिळवायचे, केप्लरच्या वेळेत 2454833. ही वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राची असते, तुमच्या घड्याळाशी आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो. पुढे दुर्बीण हाती आली आणि रामटेकच्या बाजूला जाऊन स्वतः ग्रहण टिपलंत, तर तुमची वेळही आधी त्या केंद्रावर आणा, मगच टेसच्या वेळांशेजारी मांडा. ज्युलियन दिवस आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे नागपूरची अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते.