थायलंडमधल्या चियांग माईत महिन्याची खोली घेताना

पहिल्याच दिवशी घरबसल्या महिन्याचे पैसे भरून टाकू नका, ही कळकळीची विनंती. आधी तीन-चार रात्री साध्या गेस्टहाउसवर काढा आणि पायी फिरून खोल्या बघा. निम्मान भाग झकपक आहे, भाडंही तसंच. जवळच सांतिथाम आहे. जुनी वस्ती, स्वस्त खानावळी, आणि त्याच पैशांत मोठी खोली. मी तरी तिथेच राहीन.

भाड्याआधी विजेचा दर विचारा. सरकारी दर युनिटला साधारण 4 ते 5 बाट, पण बरेच मालक 7-8 लावतात. रात्रभर एसी चालला की स्वस्त खोली महाग पडते. सामान आत नेण्यापूर्वी मीटरचा आकडा, गादी, भिंतीवरचे ओरखडे, सगळ्याचे फोटो काढून मालकालाच पाठवा. गादीवरच्या जुन्या डागापायी माझं अर्धं डिपॉझिट गेलं होतं, आणि दाखवायला हातात काहीच नव्हतं.

परदेशी माणूस राहायला आला की मालकाने 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. त्याला टीएम 30 म्हणतात. व्हिसा वाढवायला गेलात की त्याची पावती मागतात, म्हणून टाळाटाळ करणारा मालक नकोच.

साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं पेटल्याचा धूर शहरावर बसतो. त्या दिवसांत जाणार असाल तर खिडक्या घट्ट लागतात का, ते स्वतः लावून बघा. आणि हो, बऱ्याच खोल्यांत ओटा नसतो. वरणभाताशिवाय जमत नसेल तर इंडक्शन चालेल का, हे आधीच विचारून घ्या.