तीन मशीन, तीन व्हर्जन? आधी एवढंच करा

तुमच्या तीन लिनक्स मशीनवर वेगवेगळी व्हर्जन आहेत आणि एकीकडची स्क्रिप्ट दुसरीकडे चालत नाही? घाबरू नका, हे सगळ्यांचंच होतं. उबुंटू २०.०४ वर पायथन ३.८ येतो, २२.०४ वर ३.१०, २४.०४ वर ३.१२. एकीकडे चालणारी स्क्रिप्ट दुसरीकडे रुसली, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

१. कुठल्या मशीनवर कोणतं डिस्ट्रो (म्हणजे उबुंटूसारखा लिनक्सचा प्रकार) आणि कोणतं व्हर्जन, ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण कराच.

२. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका. नवशिके हमखास इथेच फसतात. मीही उबुंटूवर पायथनची लिंक नव्या व्हर्जनकडे वळवली होती. टर्मिनलच उघडेना, आणि दुरुस्तीला हवं टर्मिनल! सिस्टिमची बरीच अवजारं त्याच पायथनवर उभी असतात. नवं व्हर्जन हवं तर शेजारी टाका, प्रोजेक्टसाठी व्हेन्व (venv, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं पायथन आणि पॅकेजांचं वेगळं फोल्डर) करा. व्हेन्वचं फोल्डर मात्र उचलून दुसऱ्या मशीनवर नेऊ नका. पॅकेजांची यादी न्या आणि तिथे नवं बनवा.

३. प्रोग्राम कंपाइल करून सगळीकडे वापरायचा असेल, तर सगळ्यात जुन्या मशीनवर करा. नव्यावर केलेला जुन्यावर बऱ्याचदा जीलिबसीच्या (glibc, म्हणजे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर चालतात ती सिस्टिमची मूळ लायब्ररी) व्हर्जनवरून अडतो. उलट सहसा चालून जातं.

आणि हो, एका पॅकेजसाठी दुसऱ्या डिस्ट्रोची रेपॉझिटरी (पॅकेजं जिथून येतात तो साठा) जोडायचा मोह टाळा. आज काम होतं, पुढच्या अपग्रेडला सगळं गुंतून बसतं.

कंटेनर, अॅन्सिबल वगैरे मोठी अवजारं सध्या राहू द्या. अडलात तर एररची पूर्ण ओळ आणि त्या मशीनचं व्हर्जन, दोन्ही कळवा.