रात्री नऊचा कॉल आधी बंद करा

(देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र. मुलाला नीट या मेडिकल प्रवेशपरीक्षेत 720 पैकी 318, आता दुसऱ्यांदा तयारी. मात्र त्याचं लक्ष इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनमध्ये. तारकर्लीला मामाच्या लॉजवर जुन्या कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅस्टेरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर टाकून त्याने सहा खोल्यांचे फोन जोडून दिले. वडील विचारतात, "फुकटच्या कॉलमध्ये कसली नोकरी? झील वाया गेलो.")

तुमच्या पत्रात मी मार्कांवर नाही, भलत्याच ओळीवर अडकले. रोज रात्री नऊला तुम्ही डोंबिवलीच्या थोरल्या भावाला व्हिडिओ कॉल लावता आणि मुलगा समोर उभा राहून त्या दिवशीच्या टेस्टचे मार्क सांगतो. पलीकडे काका, काकी, चुलत भावंडं. तुम्ही याला शिस्त म्हणता. पोलीस ठाण्यात हजेरी लावतात ती अशीच असते हो! एकोणीस वर्षांच्या मुलाचे मार्क डोंबिवलीला कळून वाढणार आहेत का?

पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीने दोन ओळी आहेत, बहुधा तुमच्या नकळत लिहिलेल्या: "काकांचा आवाज का तुटतो ते मला कळलंय. मोठा प्लॅन घेऊन थांबणार नाही." मान खाली घालून उभं असतानाही पोरगं आवाज कुठे तुटतो ते टिपत होतं.

आणि त्याचं बरोबर आहे. आवाज तुटला की जास्त स्पीड घ्यायचा, त्यात शिकायचं काय, हा तुमचा समज चुकीचा. बोलण्याला स्पीड फारसा लागतच नाही. आवाजाचा डेटा करायच्या जुन्या जी.711 पद्धतीत सेकंदाला 64 किलोबिट, तो डेटा ज्या पाकिटांतून जातो त्यांवरचे पत्ते धरून 80 च्या आसपास. पण आवाजाचे 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून सेकंदाला 50 पाकिटं निघतात आणि ती एका लयीत पोचावी लागतात. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी. क्रॉसिंगला गाडी कशी खोळंबते ते तुम्हाला मी काय सांगू? घरात कुणी मोठा व्हिडिओ चढवत असेल तर आवाजाची पाकिटं तशीच त्याच्यामागे रखडतात. उशिरा आलेलं पाकीट फेकूनच द्यावं लागतं, आणि काकांचं अर्धं वाक्य गळतं. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. राउटरमध्ये आवाजाला आधी वाट करून देणं, हा यातला एक उपाय. बँका, हॉस्पिटलं, कॉल सेंटर यांचे फोन आता असेच चालतात आणि ते नीट चालवणाऱ्याला पगार मिळतो.

आता दोन शब्द मुलाला. लॉजवरचा कॉल वायरशार्कने, म्हणजे नेटवर्कवरची पाकिटं टिपणाऱ्या सॉफ्टवेअरने, पकडून तू मामाला परत ऐकवलास म्हणे. कूटबद्ध न केलेला कॉल असा ऐकता येतो, म्हणून तर आवाज कूटबद्ध करून पाठवणारी एसआरटीपी पद्धत आहे. पण तो कॉल पाहुण्यांचा असेल आणि त्यांना विचारलं नसेल, तर तो गुन्हा आहे, बाळा. प्रयोग स्वतःच्या दोन फोनांवर कर. बाहेरची लाइन जोडली असेल तर पासवर्ड आजच बदल. 5060 पोर्ट, म्हणजे असे कॉल जोडायचं नेटवर्कवरचं दार, उघडं आणि पासवर्ड 1234 असेल तर कुणीतरी रात्रीत परदेशी कॉल करून मोकळा होतो, बिल मामाच्या नावावर. आणि नुसत्या व्हॉइसवर विसंबू नकोस, लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं कर.

वाटा माहितीच्याच आहेत: एमएचटी-सीईटी देऊन इंजिनीअरिंग, नाहीतर बारावी सायन्सवर डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष, मालवण, रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहेच.

नीट पुन्हा द्यायची का, हे त्याला एकट्याला विचारा, बागेत काम करता करता. त्या वेळी भावाला फोन लावू नका.